लिथियम चालू आहे? हाताची थरथर नीट बघा

लिथियम म्हणजे बायपोलर आजारात मनाचे चढउतार आवरणारं औषध. ते घेणाऱ्या बऱ्याच जणांची बोटं जराशी थरथरतात. कप उचलला की चहावर बारीक तरंग उठतो. एवढंच असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला. पण चहा बशीत सांडू लागला, शर्टाचं बटण लागेना, जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला, तर औषध अंगात साचतंय असंच धरा. दर रविवारी एकाच वहीत एक ओळ आणि सही लिहून घ्या. अक्षर बिघडलेलं लगेच कळतं.

का साचतं? मूत्रपिंड लिथियमला जवळपास मिठासारखंच वागवतं. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं की ते मीठ राखून ठेवतं आणि सोबत लिथियमही. त्यामुळे ऑक्टोबरच्या उकाड्यातला घाम, पावसाळ्यातले जुलाब, निर्जळी उपास, अचानक अळणी जेवण, सगळंच महागात पडतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी आणि एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइड या बीपीच्या गोळ्यांनीही पातळी चढते. कंबर दुखली म्हणून केमिस्टकडून कॉम्बिफ्लॅम आणू नका, त्यात आयबुप्रोफेन असतं. साधं पॅरासिटामॉल त्यापेक्षा बरं.

लिथियमची पातळी तपासायला रक्त शेवटच्या डोसनंतर बरोबर १२ तासांनी द्या. रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. नेहमीची पातळी साधारण ०.६ ते १.० mmol/L (रिपोर्टमधलं एकक), आणि १.५ च्या वर धोका. लॅबवाल्याला एक नक्की सांगा: लिथियम हेपॅरिनची हिरव्या टोपणाची नळी नको, तिच्यामुळे आकडा खोटाच वाढतो. उलट, वयस्कर माणसाला किंवा वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्याला आकडा ठीक असतानाही मेंदूची लक्षणं दिसू शकतात. माणूस झोकांड्या खात असेल तर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ यावर घरी परतू नका, पुन्हा तपासायला सांगा.

बोबडं बोलणं, तोल जाणं, गुंगी, भ्रम, अंगाला झटके: यातलं काहीही नव्याने दिसलं तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. शुद्ध हरपत असेल किंवा फिट आली तर १०८ लावा, किंवा मुंबईत असाल तर केईएम, सायन, नायर यांपैकी जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. गुंगीत तोंडाने पाणी पाजू नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट आणि शेवटच्या गोळीची वेळ सोबत घ्या. गंभीर असेल तर डायलिसिस करतात. रक्तातलं लिथियम उतरलं तरी मेंदूतलं सावकाश निघतं, म्हणून सुधारणा दिसायला दिवस लागतात. उशीर झाला तर काहींचा तोल आणि बोलणं कायमचं बिघडतं.

याच आजारावरचं दुसरं औषध, व्हॅल्प्रोएट, चालू असेल तर वेगळी खूण: सतत झोप, उलट्या, गोंधळलेपण. तेव्हा रक्तातला अमोनिया तपासायला सांगा. लिव्हरचा रिपोर्ट चांगला असूनही अमोनिया वाढलेला असू शकतो.

थांबवलेली गोळी पुन्हा कधी आणि किती घ्यायची, ते मानसोपचारतज्ज्ञांनाच ठरवू द्या. मनाने बंद ठेवली तर आजार उसळतो.