एमसीबी सारखा पडतोय? या चुका टाळा

एका लाईनवर गिझर चालू आहे, त्यातच इंडक्शन शेगडी लावली आणि थोड्या वेळात एमसीबीचा, म्हणजे जास्त करंट गेला की लाईन तोडणाऱ्या स्विचचा, खटका खाली. मग कोणीतरी सुचवतं, "सोळा अँपिअरचा काढा, बत्तीसचा टाका." कृपा करून असं करू नका.

एमसीबी बसवलेला असतो तो भिंतीतली वायर वाचवायला. 230 व्होल्टवर 3000 वॉटचा गिझर 13 अँपिअर घेतो, 2000 वॉटची शेगडी जवळपास 9. झाले 22. दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीला हे झेपत नाही, म्हणून सोळाचा एमसीबी पडतो. बत्तीसचा 22 वर पडणारच नाही. वायर पाईपात तापत राहील, इन्शुलेशन कडक होऊन तडकेल आणि जळका वास येईपर्यंत कुणाला पत्ताही लागणार नाही. उपाय एकच: गिझरला डीबीपासून (एमसीबी बसवलेल्या मेन बॉक्सपासून) स्वतंत्र लाईन, अडीच किंवा चार स्क्वेअर एमएमची आयएसआय मार्क असलेली तांब्याची वायर आणि 16 अँपिअरचं सॉकेट. खटका वर करताक्षणी पडत असेल तर तो शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा वर करून बघू नका.

"एमसीबी आहे, मग शॉक बसणार नाही" हा समजही जिवावर बेतू शकतो. अंगातून जाणारा जीवघेणा करंट एमसीबीला कळतही नाही, इतका तो कमी असतो. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून लाईन तोडणारी यंत्रणा, हवी. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला नाही, की ती पडते. ती सारखी पडते म्हणून बायपास करणारे वायरमन आहेत. त्यांना थांबवा आणि दोष शोधायला लावा. आधी घरातले सगळे प्लग उपसा. नुसते एमसीबी बंद करून भागत नाही, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. उपकरणात न्यूट्रल अर्थिंगला चिकटला असेल तर तो दोष तसाच राहतो. मग एकेक प्लग लावत जा. ज्याने पडेल, दोष त्याच्यात.

टेस्टर पेटला नाही म्हणजे लाईन बंद, असंही धरू नका. टेस्टरमधला निऑन दिवा गेलेला असू शकतो. आधी चालू पॉइंटवर तपासा. सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटत असेल तर बहुधा न्यूट्रल तुटलाय. तिथे मेन बंद करा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा.