गेममधील उद्ध्वस्त शहराचे दृश्य उभारण्यापूर्वीची तयारी

शहर ओस पडून किती वर्षे झाली हे सर्वप्रथम लिहून ठेवावे, आणि त्याच्याच खाली पाणी कोठून येते व कोठे जाते हे लिहावे. ही दुसरी ओळ लिहिल्याशिवाय एकही त्रिमितीय मॉडेल सुरू करू नये. मागच्या गेमच्या वेळी नेमकी तीच राहिली आणि गंजाचे सगळे ओघळ नव्याने रंगवावे लागले. युक्रेनमधील चेर्नोबिल अणुभट्टीजवळचे प्रिप्यात शहर २७ एप्रिल १९८६ रोजी रिकामे झाले आणि आज तेथे फरसबंदी फोडून झाडे उभी आहेत. नामिबियाच्या वाळवंटातील कोल्मनस्कोप हे गाव त्याच्या तीस वर्षे आधी ओस पडले, तरी तेथील खोल्यांत झाडे नाहीत, वाळूचे ढीग आहेत. हा फरक पाण्याचा आहे. त्यामुळे संदर्भचित्रे जमवताना हवामान जुळते का ते आधी पाहावे.

मोजमाप आणि ग्रिडबद्दल वेगळे सांगायला नको. ब्लॉकआउट, म्हणजे दृश्याची पहिली कच्ची मांडणी, राखाडी ठोकळ्यांतच ठेवावा आणि त्याच टप्प्यावर पाण्याचे बाण काढावेत: छताचा उतार, फुटलेली पन्हळ, तुंबलेले गटार, पंप बंद पडल्यामुळे भरलेला भुयारी मार्ग. पन्हळ जेथे फुटली तेथून खालची भिंत काळी-हिरवी होते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून पाणी मुरलेल्या स्लॅबमधली सळई फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा तिच्या रेषेतच सुटतो. मनाला येईल तेथे मारलेली भेग जाणकाराला तत्काळ खटकते.

मॉड्यूलर भाग (पुन्हा पुन्हा जोडून वापरायचे तुकडे) आधी धडधाकट बनवावेत आणि मग मोडावेत, नाहीतर एकच भगदाड प्रत्येक गल्लीत भेटते. ओघळ टेक्स्चरमध्ये, म्हणजे पृष्ठभागाच्या चित्रात, बेक करू नयेत (कायमचे मिसळू नयेत), डेकल म्हणून, म्हणजे वरून चिकटवलेल्या चित्रांसारखे, वेगळे ठेवावेत. उतार बदलला की ते हलवावे लागतातच. शेवाळ व्हर्टेक्स पेंटने (मॉडेलच्या बिंदूंवर थेट रंग भरून) द्यावे, तेही बाणांचा नकाशा समोर ठेवून. होय, पुन्हा पाणीच. वेलींची घाई करू नये. त्या चढवायला सर्वांना आवडते आणि त्यांच्याखाली चुकीची भिंत सहज झाकली जाते.

टेक्सेल घनता, म्हणजे पृष्ठभागाच्या ठरावीक जागेत टेक्स्चरचे किती ठिपके येतात ते प्रमाण, सर्वत्र सारखी असावी. कोलिजन (खेळाडू कशाला अडतो ते), एलओडी (दूरच्या वस्तूंची साधी रूपे), धुके नेहमीप्रमाणे. प्रकाशयोजना बेक करण्यापूर्वी, म्हणजे प्रकाश-सावल्या आधीच मोजून पक्क्या करण्यापूर्वी, डबकी तपासावीत. एखादे उतारावर दिसले, तर बेक थांबवून आधी बाणांचा नकाशा उघडावा.