स्तनांच्या कर्करोगाचा धोका कमी करायचा तर आहार-व्यायामात आधी काय, मग काय

स्तनांचा कर्करोग आणि आहार असा विषय निघाला की बोलणं लगेच हळद, ग्रीन टी, जवस यांच्याकडे वळतं. यातला कुठलाही एक पदार्थ खाऊन हा धोका कमी होतो असं सिद्ध झालेलं नाही. भक्कम पुरावा आहे तो तीन साध्या गोष्टींचा: दारू, वयाबरोबर चढत जाणारं वजन आणि अंगाची हालचाल. वेळ आणि जिद्द दोन्ही मर्यादित असतात, म्हणून आधी या तिघांना हात घाला.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. या उपायांनी धोका कमी होतो, शून्य होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साधारण निम्म्या रुग्णांमध्ये स्त्री असणं आणि वय वाढणं यापलीकडे कुठलंही ठळक कारण सापडत नाही. त्यामुळे ज्यांना हा आजार झाला त्यांचं खाण्यापिण्यात काहीतरी चुकलं असेल, असं कुणीही म्हणू नये. जवळच्या नात्यात कमी वयात स्तनांचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झालेला असेल, तर आहार बदलण्याआधी जनुकीय समुपदेशन घ्या. बीआरसीए या, स्तनांच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकांतल्या दोषामुळे वाढणारा धोका इतका मोठा असतो की एकट्या चालण्या-खाण्याने तो आटोक्यात येत नाही.

दारू: सगळ्यात थेट संबंध

रोज १० ग्रॅम अल्कोहोल पोटात गेलं की धोका साधारण ७ ते १० टक्क्यांनी वाढतो. प्रमाण वाढलं की धोकाही त्याच पटीत वाढत जातो. १० ग्रॅम म्हणजे किती हे स्वतःच मोजता येतं: पेयाचे मिलिलिटर गुणिले बाटलीवरची टक्केवारी गुणिले ०.७९, भागिले १००. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये १३ ग्रॅम, १२.५ टक्क्यांच्या १५० मिली वाइनमध्ये जवळपास १५ ग्रॅम आणि ४० टक्क्यांच्या ६० मिली व्हिस्कीत १९ ग्रॅम अल्कोहोल असतं.

वाइन त्यातल्या त्यात बरी, हा समज इथे उपयोगाचा नाही. नुकसान करतं ते इथेनॉल, आणि ते सगळ्यांत एकच असतं. शरीरात त्याचं अॅसिटाल्डिहाइड होतं, ते डीएनएला इजा करतं. शिवाय रक्तातलं इस्ट्रोजेन, म्हणजे स्तनांच्या पेशींना वाढायला लावणारं स्त्री-संप्रेरकही वाढतं. न पिणं सर्वांत उत्तम. पूर्ण सोडणं आज जमत नसेल, तर ओतलेला ग्लास एकदा मापाच्या भांड्यात रिकामा करून बघा. अंदाजाने ओतलेलं बहुतेक वेळा ठरवल्यापेक्षा जास्त निघतं. रोज भरपूर पिण्याची सवय असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा; अचानक थांबल्याने झटके येऊ शकतात.

वजन: पाळी थांबण्याच्या आधीचं आणि नंतरचं गणित वेगळं

पाळी कायमची थांबल्यावर बीजकोशातून इस्ट्रोजेन येणं जवळजवळ बंद होतं. तेव्हापासून ते मुख्यतः चरबीच्या पेशींत तयार होतं: अॅरोमॅटेझ नावाचं एन्झाइम तिथे इतर संप्रेरकांचं इस्ट्रोजेन करतं. चरबी जास्त, तर हा कारखाना मोठा. त्यात पोटाच्या चरबीमुळे इन्सुलिनची पातळी चढती राहते, आणि त्यामुळे इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिनही कमी होतं. म्हणूनच रजोनिवृत्तीनंतरचा लठ्ठपणा धोका वाढवतो. पाळी चालू असताना चित्र उलटं दिसतं, तेव्हा जास्त वजनाच्या स्त्रियांत हा कर्करोग थोडा कमी आढळतो. पण तिशी-चाळिशीत चढलेलं वजन सहसा उतरत नाही आणि त्याची किंमत पन्नाशीनंतर मोजावी लागते. त्यामुळे तरुणपणी वजन वाढू न देणं, हाच यातला सोपा मार्ग.

काट्यापेक्षा टेपवर जास्त भर द्या. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, उघड्या त्वचेवर, श्वास सहज सोडून झाल्यावर कंबर मोजा. टेप रुतू देऊ नका, पोट आत ओढू नका. माप उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवं: उंची १५६ सेंमी असेल तर कंबर ७८च्या आत. महिन्यातून एकदा, सकाळी, पाळीचे दिवस सोडून मोजलं तर आकडे एकमेकांशी ताडता येतात.

कंबर जास्त भरली तर सहा महिन्यांत वजनाच्या ५ टक्के घट हे पहिलं लक्ष्य ठेवा. ७० किलोला साडेतीन किलो. पन्नाशीपुढच्या स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासांत दोन ते साडेचार किलोची घटसुद्धा, ती टिकवली तर, कमी धोक्याशी जोडलेली दिसली आहे. इथे ‘टिकवली तर’ हे शब्द महत्त्वाचे. महिन्यात सात किलो उतरवणाऱ्या आहारात चरबीबरोबर स्नायूही जातात, भूक खवळते आणि परत येते ती मुख्यतः चरबी.

ताटात काय बदलायचं

अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या प्रयोगात ४८,८३५ स्त्रियांपैकी काहींना स्निग्ध पदार्थ कमी आणि भाज्या, फळं, धान्यं जास्त असा आहार दिला. २००६ साली आलेल्या निष्कर्षांत त्यांच्यात स्तनांच्या कर्करोगाचं प्रमाण ९ टक्के कमी दिसलं, पण हा फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता आलं नाही. आहाराकडून किती अपेक्षा ठेवायची, हे यावरून कळतं. एखाद्या घटकाच्या मागे लागण्यापेक्षा वजन आटोक्यात ठेवणारं, पोट भरणारं जेवण बसवा.

त्यासाठी सगळ्यात कामाचा आकडा तंतुमय पदार्थांचा: दिवसाला किमान २५ ग्रॅम. हिशेब असा जमतो: ४० ग्रॅम ओट्समधून ४, शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरातून ८, सालीसकट एका सफरचंदातून ४, दिवसभरातल्या ३०० ग्रॅम भाज्यांतून ७ ते ८ आणि मूठभर बदामांतून साडेतीन. यातली कडधान्यं गळली की बेरीज बसत नाही, मग सॅलड कितीही खा. काकडी-लेट्यूसमध्ये बहुतेक पाणीच असतं. फळाचा रस काढून गाळला तर तंतू चोथ्यात जातात आणि साखर पेल्यात उरते.

पहिल्याच आठवड्यात २५ ग्रॅमवर उडी मारली की पोट फुगतं, आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. आठवड्याला ५ ग्रॅमने वाढवा, पाणी वाढवा, कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या आणि मऊ शिजवा.

दुसरी जागा तेलाची. १५ मिलीच्या एका चमच्यात १२० कॅलरी असतात, म्हणजे अर्धा तास भरभर चालून जेवढ्या खर्च होतात जवळपास तेवढ्याच. बाटलीतून थेट ओतू नका, चमच्याने मोजा. गोड पेयं बंद केली तर भूक न वाढता कॅलरी कमी होतात. वजन उतरवायला याहून सोपी सुरुवात नाही.

सोयाबीनला घाबरायचं कारण नाही. त्यातली आयसोफ्लेव्होन्स इस्ट्रोजेनसारखी दिसतात, पण अन्न म्हणून रोज एक-दोन वेळा खाल्लेल्या टोफू किंवा सोयादुधाने धोका वाढत नाही. त्याच्या अर्काच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट आहे, त्या स्वतःहून घेऊ नका. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनीही कर्करोग टळत नाही; ड जीवनसत्त्वाची मोठी चाचणी २५,८७१ लोकांवर झाली, तिच्यात कर्करोग कमी झाले नाहीत.

व्यायाम

नियमित हालचाल करणाऱ्या स्त्रियांत धोका साधारण १० ते २० टक्क्यांनी कमी आढळतो. वजन तसूभर उतरलं नाही तरी इन्सुलिन सुधारतं, म्हणून काटा हलत नाही या कारणाने चालणं सोडू नका.

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, एवढं लक्ष्य आहे. मध्यम दम कसा ओळखायचा? बोलता येतं, पण गाता येत नाही. गाता येत असेल तर वेग वाढवा. पहिले दोन आठवडे पाच दिवस २० मिनिटं (हवं तर १०-१० मिनिटं दोनदा), तिसऱ्या आठवड्यात २५, चौथ्यात ३०. इथे १५० मिनिटं पूर्ण होतात. पुढे दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत ४५पर्यंत न्या. नडगी दुखू लागली तर वेग किंवा अंतर फार लवकर वाढलंय असं समजा. एक आठवडा मागे या आणि बुटांचे तळवे झिजलेत का बघा.

स्नायूंसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून पुशअप, पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि वाकून पाण्याच्या भरल्या बाटल्या पोटाकडे ओढणं पुरे. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्या. शेवटचे दोन अवघड वाटले पाहिजेत. सहज वीस होत असतील तर वजन वाढवा. उठताना गुडघे आत वळू देऊ नका, जोर लावताना श्वास सोडा.

स्तन दुखतात म्हणून चालणं-धावणं सोडणाऱ्या अनेक जणी असतात, आणि खरी चूक असते ब्राची. आधार खांद्याच्या पट्ट्यांनी नाही, छातीखालच्या पट्ट्याने मिळायला हवा. त्यात दोन बोटं जेमतेम जावीत, हात वर केल्यावर तो सरकू नये. उडी मारताना लघवीचे थेंब गळत असतील तर लाजून व्यायाम बंद करू नका; ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. छातीत दाब, चक्कर किंवा वाजवीपेक्षा जास्त धाप जाणवली तर मात्र तिथेच थांबा आणि तपासून घ्या.

हे सगळं करत असतानाही वयाप्रमाणे सांगितलेली मॅमोग्राफी (स्तनांची एक्स-रे तपासणी) टाळू नका. नवी गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र किंवा त्यातून येणारं रक्त दिसलं, तर दुखत नसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. यातल्या बऱ्याच गाठी साध्या निघतात, पण ते तपासणीशिवाय कळत नाही.