भिडेपोटी होणाऱ्या पैशांच्या चुका: या टाळा

महिनाअखेरीला खातं रिकामं दिसलं की आपण आधी चहा-वडापावचा हिशोब काढतो. मीही काढायचो. मग एका रविवारी दहा वर्षांतलं सगळं मोठं नुकसान वहीत उतरवलं, तर त्यात चहा कुठेच नव्हता. होत्या त्या सगळ्या ‘नको’ म्हणायच्या ठिकाणी ‘बरं’ म्हटल्याच्या नोंदी. ‘भीड भिकेची बहीण’ या म्हणीचा अर्थ शाळेत मार्कांसाठी लिहिला होता, तेवढाच तिचा उपयोग झाला.

‘नुसती सही तर करायचीय’

ऑफिसातल्या एकाला गावाकडच्या पतसंस्थेतून तीन लाखांचं कर्ज हवं होतं. डबा खाताना त्याने फॉर्म पुढे केला. बोटांना भाजीचं तेल होतं, ते रुमालाला पुसून मी सही केली. कागद चारच पानांचा होता, पण तो समोर बसलेला असताना वाचत बसणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं वाटलं. सव्वा वर्षाने रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. वर त्याचं नाव, खाली माझं.

जामीनदार म्हणजे ओळख पटवणारा साक्षीदार नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं की, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ ही सबब चालत नाही. पतसंस्थेला तर दिवाणी कोर्टाच्या पायऱ्याही चढाव्या लागत नाहीत. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली तिला निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो. गावाकडे लोक ‘एकशे एकचा दाखला’ म्हणतात तो हाच. दाखल्यात जामीनदाराचं नाव असलं, तर जप्ती त्याच्याही दारात येऊ शकते.

सही होऊन गेली असेल तर घाबरून गप्प बसू नका. दर तीन-चार महिन्यांनी कर्जखात्याचा उतारा मागा. कर्जदारालाच आणायला सांगा, लाजू नका. मला नोटीस आली तेव्हा नऊ हप्ते थकले होते. दुसऱ्याच हप्त्याला कळलं असतं तर त्याला डब्याच्या वेळीच गाठलं असतं. तुम्हाला भरावं लागलंच, तर रोख देऊ नका. आपल्या बँक खात्यातून भरा आणि पावती आपल्या नावाने घ्या. ती रक्कम कर्जदाराकडून परत मागायचा हक्क कायदा देतो, पण पुरावा तुम्हीच दाखवायचा असतो. कर्ज बँकेचं असेल तर ही जामीनकी तुमच्या क्रेडिट रिपोर्टातही दिसते आणि स्वतःच्या घरकर्जाच्या वेळी नेमकी आडवी येते.

आतोबांची पॉलिसी

मार्च महिना, टॅक्स वाचवायची घाई, आणि आतोबा म्हणजे घरातलेच विमा एजंट. वर्षाला २५ हजारांचा हप्ता, कव्हर जेमतेम साडेतीन लाखांचं. माझ्या पश्चात घर किती महिने चालेल, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि मीही नाही. अशा बचतवाल्या पॉलिसीत परतावा साधारण ५ ते ६ टक्क्यांच्या आसपास पडतो. नव्या करप्रणालीत तर अशा हप्त्यावरची वजावटच नाही, म्हणजे मूळ कारणही गेलं.

पॉलिसी नुकतीच हातात पडली असेल तर ३० दिवसांच्या ‘फ्री लूक’ मुदतीत किरकोळ कपात होऊन ती परत करता येते. मुदत उलटली असेल तर ‘सरेंडर (म्हणजे बंद करून पैसे परत) केली तर किती, पेड-अप (म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी कव्हरवर चालू) केली तर किती’ हे दोन आकडे कंपनीकडून लेखी मागवा, एजंटच्या तोंडून नको. मी पेड-अप केली. आतोबा सहा महिने नीट बोलले नाहीत. दिवाळीच्या फराळाला मात्र आले.

‘तू कार्डाने भर, आम्ही देतो’

महाबळेश्वरची सहल, आठ जण, ३८ हजार. लोकांनी पैसे दिले, पण कुणी पाचशे, कुणी दोन हजार, तेही माझ्या बचत खात्यात. तिथून ते किराण्यात विरले. बिल आलं तेव्हा ‘किमान देय’ १,९०० दिसले, तेवढेच भरले आणि सुटलो असं वाटलं.

महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी. १,९०० पैकी दीड हजाराच्या आसपास त्यातच गेले, मुद्दल जवळपास जागच्या जागी. वर, बाकी राहिलेल्या कार्डावर नवी खरेदी केली की तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पेट्रोलवरही पहिल्या दिवसापासून व्याज. असं अडकलात तर आधी कार्ड कपाटात ठेवा, मग थकलेल्या रकमेचे हप्ते पाडून घ्या किंवा कमी दराचं वैयक्तिक कर्ज काढून ती एकदाच मिटवा. आणि पुढच्या सहलीला पैसे आधी गोळा करा. जो आधी देत नाही, तो नंतरही हळूहळूच देतो.

हातउसन्यांचं तसंच. द्यायचेच असतील तर बँकेतून द्या, शेऱ्यात ‘हातउसने’ लिहा. वसुलीचा दावा करायची मुदत साधारण ३ वर्षांची. त्याआधी समोरच्याने लेखी कबुली दिली तर ती नव्याने मोजली जाते. ‘माझ्याकडे तुझे चाळीस आहेत रे’ हे फोनवर ऐकण्यापेक्षा सही-तारखेसह लिहून घेतलेलं बरं.

सराफाच्या दुकानात मजुरीचा दर विचारायची लाज कशाला, ते मला अजून कळलेलं नाही. १५ टक्के मजुरी म्हणजे १० ग्रॅमच्या दागिन्यावर दीड ग्रॅम सोन्याचे पैसे, वर ३ टक्के जीएसटी. मोडताना यातलं काहीच परत येत नाही.

‘अपेक्षा किती?’ ‘तुम्ही द्याल ते’

हे वाक्य मी दोन मुलाखतींत म्हटलं. कंपनीने दिलं तेच, आणि पुढची प्रत्येक टक्केवारी त्याच आकड्यावर बसली. वार्षिक पॅकेजच्या आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि बहुतेकदा ग्रॅच्युइटीही मोजलेली असते, म्हणून आकड्याला बाराने भागून स्वप्नं रंगवू नका. ‘हातात किती येणार?’ हे सरळ विचारा. महाराष्ट्रात व्यवसाय करही वर्षाला २,५०० जातो, म्हणून फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापलेले दिसले तर एचआरशी भांडू नका. मी भांडलो होतो.

नाही म्हणणं अजूनही जमत नाही, म्हणून एक वाक्य पाठ केलंय: ‘माझ्या नावावर आधीच एक जामीनकी आहे.’ परवा लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी फॉर्म काढला, तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या आत ते म्हणून मोकळा झालो. त्या सहकाऱ्याचे हप्ते आता सुरळीत आहेत. पुढच्या मार्चमध्ये कर्ज फिटेल, तेव्हा दुसरं वाक्य शोधावं लागणार.