हार्ट फेल्युअरचं पथ्य घरी खरंच पाळलं जावं म्हणून काय करावं

अण्णांना घरी सोडलं त्या दिवशी फाइलमध्ये एक छापील कागद होता. मीठ कमी, पाणी मोजून, रोज वजन, रोज चालणं, गोळ्या चुकवू नका. आम्ही तो वाचला, फाइल कपाटात ठेवली आणि पाच आठवड्यांनी अण्णा पुन्हा दाखल झाले. गोळी एकही चुकली नव्हती. वजन मात्र एकदाही केलं नव्हतं.

असं पुष्कळ घरांत होतं. १५ देशांतले हार्ट फेल्युअरचे रुग्ण स्वतःची काळजी कशी घेतात, याची तुलना करणारा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही गोळ्या बहुतेक जण नीट घेत होते, पण व्यायाम आणि नियमित वजन यांत अनेक ठिकाणी रुग्ण मागे पडत होते. म्हणून ‘पथ्य पाळता ना?’ असा एकच प्रश्न विचारू नका. त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं आणि ते मनापासून दिलेलं असतं. एकेक गोष्ट वेगळी विचारा: गेल्या ७ दिवसांत वजन किती दिवस केलं? चालणं किती दिवस झालं?

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल इतकं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही. मग मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पाणी पायांत, पोटात, फुप्फुसांत साठतं आणि माणसाला दम लागतो. हे घरातल्या सगळ्यांना समजलं, की वजनकाटा आणि मिठाची बरणी इतकी महत्त्वाची का, ते वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय आपल्याकडे हा फक्त म्हातारपणाचा आजार नाही. केरळमधल्या त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीतल्या, म्हणजे तिथल्या रुग्णांच्या नोंदवहीतल्या, १,२०५ रुग्णांचं सरासरी वय ६१च्या आसपास होतं. म्हणजे दुकान, शेती, नोकरी सांभाळणारी माणसंही यात आली. पथ्य त्यांच्या कामाच्या दिवसात बसायला हवं.

आधी वजनकाटा

डिजिटल काटा घ्या आणि कपाटात ठेवू नका. बाथरूमच्या दाराबाहेर, सपाट फरशीवर, कायमचा एका जागी ठेवा. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं. कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहायचा. वही हरवते, भिंतीवरचं कॅलेंडर हरवत नाही. आमच्याकडे ‘वजन झाल्याशिवाय चहा नाही’ असं ठरल्यावरच हे सुरू झालं, कारण चहा अण्णा कधीच विसरत नाहीत.

सूज उतरलेली असताना, दम लागत नसताना जे वजन असतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. रोजचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा. तीन दिवसांत वजन २ किलोहून जास्त वाढलं, तर ती चरबी नसते, पाणी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पाय सुजायच्या आधी अनेकदा काट्याला कळतं. उलट, कडक उन्हाळ्यात किंवा जुलाब-उलट्या होताना वजन घसरलं आणि उठताना चक्कर येऊ लागली, तरीही फोन करा. तेव्हा लघवीची गोळी जास्त होत असण्याची शक्यता असते.

गोळ्या: बरं वाटतंय तेव्हाच जपायच्या

दम थांबतो, जिना चढता येतो आणि मग मनात येतं, आता कशाला इतक्या गोळ्या? बरं वाटतंय ते गोळ्यांमुळेच. लघवीची गोळी साठलेलं पाणी काढते, बाकीच्यांपैकी काही गोळ्या हृदयावरचा ताण कमी करून आयुष्य वाढवतात. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके संथ करणारी गोळी, तर अचानक बंद करणं धोक्याचं असतं.

सगळ्यात जास्त चुकते ती लघवीची गोळी, आणि ती लग्नाच्या, एसटीच्या प्रवासाच्या दिवशी मुद्दाम चुकवली जाते. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, वाटेत जागोजागी स्वच्छतागृह कुठे मिळतं? पण गोळी गाळण्याऐवजी प्रवासाच्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यायची, हे पुढच्या तपासणीत विचारून ठेवा. निर्जळी उपवास करायचा असेल, तरी आधी विचारा.

गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका. या वेदनाशामक गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांमध्येही सोडियम, म्हणजे मिठातला पाणी धरून ठेवणारा घटक, बरंच असू शकतं.

मीठ, आणि मिठाचं सोंग

दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. तो रोज मोजणं कुणालाच जमत नाही. त्यापेक्षा पिशवीवर तारीख घाला. चौघांच्या घरात दरडोई ५ ग्रॅम धरलं, तर १ किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी. महिन्यातच संपत असेल, तर हिशेब समोर आहे. आणि हे फक्त घरात घातलेलं मीठ झालं. लोणचं, पापड, सांडगी मिरची, फरसाण, खारे दाणे, सुके बोंबील, ब्रेड, सूपची पाकिटं यांतलं मीठ वेगळंच. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, त्यातही सोडियम असतं.

सैंधव चालतं, ही समजूत घराघरांत आहे. सैंधव हेही मीठच आहे, सोडियम जवळजवळ तेवढंच. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात मात्र पोटॅशियम क्लोराइड असतं. हार्ट फेल्युअरच्या अनेक गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढतं. त्यात हे मीठ पडलं, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रोज नारळपाणी प्यायचं असेल, तर तेही याच कारणाने डॉक्टरांना विचारूनच.

म्हणून अळणी जेवण वाढावं असं मात्र नाही. २०२२ मध्ये आलेल्या ‘सोडियम-एचएफ’ या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवरच्या अभ्यासात सोडियम दिवसाला १,५०० मिलिग्रॅमच्या (म्हणजे साधारण पावणेचार ग्रॅम मिठाच्या) खाली ठेवायचा सल्ला देऊनही मृत्यू किंवा दाखल होण्याचं प्रमाण लक्षणीय घटलं नाही. ताटात मीठ वाढायचं नाही, कणकेत घालायचं नाही आणि चव लिंबू, कोकम, आलं-लसूण, जिरं, कोथिंबिरीने आणायची. सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक करा. एकट्याचं वेगळं पातेलं लावलं, की माणूस दोन आठवड्यांत कंटाळतो आणि गुपचूप लोणच्याकडे वळतो.

पाण्याची मर्यादा सगळ्यांना नसते. डॉक्टरांनी दीड ते दोन लिटर सांगितलं असेल, तर सकाळी तेवढं पाणी बाटल्यांत भरून ठेवा. चहा, ताक, आमटी घेतली, की तेवढं पाणी बाटलीतून कमी करा.

चालण्याचं थोडक्यात: तब्येत स्थिर झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, दहा मिनिटांपासून सुरुवात करा. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटत असेल, तर वेग जास्त आहे.

फोन कधी, आणि कुणी

पायावर बोट दाबून खड्डा पडतो का, रात्री उशी वाढवावी लागते का, आडवं झाल्यावर खोकला येतो का, पोट गच्च वाटून भूक गेली का, हे रोज कुणीतरी विचारायचं. ‘कुणीतरी’ म्हणजे एका ठरलेल्या माणसाने. रुग्ण स्वतः ‘होईल कमी’ म्हणून टाळतो, कारण त्याला पुन्हा दाखल व्हायचं नसतं. यांतलं काही दिसलं, तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. बसल्या जागी दम लागला, छातीत दुखलं, शुद्ध हरपली किंवा गुलाबी फेसाळ थुंकी आली, तर वाट न बघता १०८.

गेल्या दिवाळीत फराळानंतरच्या तिसऱ्या सकाळी कॅलेंडरवर सव्वादोन किलो वाढलेले दिसले. पाय ठीक होते, अण्णा म्हणत होते काही नाही झालं. बहिणीने फोन केला, डॉक्टरांनी लघवीच्या गोळीचा डोस तीन दिवसांसाठी वाढवला आणि चौथ्या दिवशीच्या चौकोनात अण्णांनी स्वतःच्या हाताने जुना आकडा लिहिला.