घरच्या पीसीवर माइनक्राफ्ट सर्व्हर: पोर्ट फॉरवर्डिंगमधल्या या चुका टाळा

पीसीवर माइनक्राफ्ट जावाचा सर्व्हर सुरू झाला, ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे हाच पीसी) टाकून तुम्ही स्वतः आत गेलात, पण मित्राला मात्र ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. मग राउटरचं सेटिंग उघडून पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून २५५६५ या पोर्टवर (क्रमांक दिलेल्या दारावर) येणारी जोडणी पीसीकडे वळवणारा नियम टाकायचा, चाललं नाही की पुसून पुन्हा टाकायचा, राउटर बंद-चालू करायचा. ही खटपट बऱ्याचदा वायाच जाते, कारण घोळ राउटरच्या पलीकडे असतो.

आधी पब्लिक आयपी तपासा

राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ (राउटरचा इंटरनेटकडच्या बाजूचा पत्ता) असतो, तो टिपून घ्या. मग त्याच नेटवरून एखाद्या आयपी दाखवणाऱ्या साइटवर जा. दोन्ही आकडे सारखे असतील तर पुढच्या चुकांकडे वळा. वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक घरांना मिळून दिलाय. आयपीव्ही४ चे (इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे) पत्ते मुळात सुमारे ४३० कोटीच, आणि २०११ पासून आपल्या आशिया-पॅसिफिक भागात त्यांची टंचाई आहे. १०० चा हा पट्टा २०१२ मध्ये खास सीजीनॅटसाठीच राखून ठेवला गेला. काही कंपन्या त्यासाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात.

अशा वेळी मित्राची जोडणी कंपनीच्या यंत्रापाशीच अडते. ती तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही, तर तिथला नियम काय करणार? आपल्याकडे घरगुती फायबरवर हे सर्रास दिसतं आणि मोबाइल डेटावर तर जवळजवळ गृहीतच धरा.

कस्टमर केअरला ‘पोर्ट उघडा’ म्हणू नका. समोरचा माणूस राउटर रीसेट करायला सांगून मोकळा होईल. ‘मी सीजीनॅटमागे आहे, मला पब्लिक किंवा स्टॅटिक आयपी हवा’ असं नेमकं मागा. त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात. ते द्यायचे नसतील तर टेलस्केल किंवा प्लेइट यांसारखी टनेल सेवा (मित्राची जोडणी स्वतःच्या मार्गाने तुमच्या पीसीपर्यंत आणणारी) वापरा. चार-पाच मित्रांसाठी टेलस्केल मला जास्त बरं वाटतं, कारण त्यात जगासाठी दार उघडावंच लागत नाही. दोन्हीकडे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर तोही मार्ग आहे, पण तिथे फॉरवर्डिंग नसतं. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या पीसीला परवानगी द्यावी लागते.

वॅनचा आकडा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर घोळ घरातलाच आहे. कंपनीचा ओएनटी (फायबरची तार येते तो डबा) आणि तुम्ही विकत घेतलेला राउटर, दोघंही राउटरचं काम करतायत. ओएनटी ब्रिज मोडवर (फक्त जोडणी पुढे देणाऱ्या) टाका किंवा आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा) करा. मग नियम एकाच ठिकाणी लिहायचा राहतो.

पीसीचा पत्ता बदलत राहणं

काल चालत होतं, आज नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा हेच कारण. नियम १९२.१६८.१.५ साठी लिहिलेला आणि पीसीला आज १९२.१६८.१.९ मिळालेला. राउटरमध्ये मॅक अ‍ॅड्रेसवरून डीएचसीपी रिझर्व्हेशन करा, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या त्या क्रमांकाला दरवेळी तोच पत्ता मिळेल. वायफायवर असाल तर विंडोजमधलं ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ बंद ठेवा. शक्यतो केबलच लावा.

टीसीपी की यूडीपी

टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती. जावा आवृत्तीला टीसीपी २५५६५ लागतं, बेडरॉकला (माइनक्राफ्टच्या दुसऱ्या आवृत्तीला) यूडीपी १९१३२. व्हॅलहाइम हा गेम यूडीपीवर चालतो आणि २४५६ पासूनचे पोर्ट घेतो. गेम बदलला की नियमही बदलायचा.

विंडोज फायरवॉल

सर्व्हर पहिल्यांदा चालवताना जी खिडकी येते, ती घाईत ‘कॅन्सल’ केली की विंडोज जावासाठी अडवणारे नियम लिहून ठेवतं. नंतर तुम्ही परवानगीचा नियम जोडलात तरी अडवणारा नियमच वरचढ ठरतो. ‘इनबाउंड रूल्स’मध्ये जावाच्या किंवा ‘ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी’च्या नावापुढे लाल खूण दिसली की तो नियम काढून टाका. वैतागून अख्खी फायरवॉल बंद करू नका.

तपासताना होणारी फसगत

पोर्ट तपासणाऱ्या साइटला उत्तर सर्व्हर देतो, राउटर नाही. सर्व्हर बंद असताना ‘क्लोज्ड’ दिसणारच. यातल्या बऱ्याच साइट फक्त टीसीपी बघतात, त्यामुळे बेडरॉकसाठी त्यांच्यावर विसंबू नका. आणखी एक: घरच्याच वायफायवरून स्वतःचा पब्लिक आयपी टाकून पाहिलात तर अनेक राउटर ती जोडणी परत आत वळवत नाहीत. सगळं नीट असूनही बिघडल्यासारखं वाटतं. दुसरा लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेऊन बघा किंवा मित्रालाच जोडायला सांगा.

डीएमझेड नको

काहीच जमेना म्हणून पीसी डीएमझेडमध्ये टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने पीसीचे सगळेच पोर्ट बाहेरच्यांसमोर येतात. एका पोर्टची जोखीमही कमी नसते: डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४शेल नावाच्या त्रुटीमुळे माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक ओळ टाकून समोरच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. माइनक्राफ्ट १.१८.१ मध्ये ती दुरुस्त झाली. जुनी आवृत्ती चालवायचीच असेल तर माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगने दिलेली दुरुस्ती आधी लावा. व्हाइटलिस्ट (आत येऊ देण्याच्या नावांची यादी) चालू ठेवा आणि ‘ऑनलाइन मोड’ (खातं खरं आहे का हे तपासणारा) बंद करू नका, नाहीतर कुणीही तुमच्या मित्राच्या नावाने आत येईल.

राउटर रीस्टार्ट झाल्यावर पब्लिक आयपी बदलत असेल तर डीडीएनएसचं (बदलत्या आयपीशी आपोआप जुळणारं) नाव घेऊन तेच मित्रांना द्या. सीजीनॅट असेल तर मात्र डीडीएनएसचा काही उपयोग नाही.