किनाऱ्यावर ड्रोन धडकतो तो का? कॅमेऱ्याच्या भरवशावर उडवताना या चुका टाळा

ड्रोन माडाला जाऊन आपटला की पहिला संशय त्याच्या प्रोग्रामवर, म्हणजे कोडवर. पण कोड पुष्कळदा निर्दोष असतो. कॅमेऱ्याला जिथलं अंतर काढता आलं नाही ती जागा नकाशात 'मोकळी' म्हणून भरलेली असते, आणि ड्रोन बिनदिक्कत तिथे घुसतो. न कळलेली जागा 'अज्ञात' म्हणूनच ठेवा आणि तिकडे तोंड असताना वेग उतरवा.

कोकणातल्या वाडीत सगळ्यात जास्त घात करते ती विजेची तार. ती बारीक असते हे खरं, पण गोम वेगळीच आहे. स्टिरिओचे दोन कॅमेरे शेजारी-शेजारी असतात. डाव्या-उजव्या चित्रांत एखादा बिंदू किती सरकला यावरून अंतर निघतं. आडव्या तारेचा प्रत्येक बिंदू शेजारच्यासारखाच, मग सरकला किती हे कळणार कसं? तार चित्रात ठळक दिसत असूनही डेप्थ मॅपमध्ये (प्रत्येक बिंदूचं अंतर दाखवणाऱ्या चित्रात) तिथे भोक पडतं, नाहीतर मागच्या डोंगराचं अंतर तिला चिकटतं. ड्रोन स्वतः बांधत असाल तर कॅमेऱ्यांची जोडी तिरकी बसवा. अगदी उभी केलीत तर हाच घोळ माडांच्या खोडांशी होईल. विकतच्या ड्रोनला हा उपाय नाही. तारांपासून लांबच राहा.

श्रीवर्धनकडच्या पोफळीच्या बागांत उलटा प्रकार. सारख्या जाडीची खोडं, त्यांवर सारखी वलयं, त्यामुळे डाव्या चित्रातल्या खोडाची जुळणी उजव्या चित्रात खुशाल शेजारच्या झाडाशी होते आणि अंतर मात्र ठाम आत्मविश्वासाने सांगितलं जातं! पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या जुळणीत फारसा फरक नसेल तर ते उत्तर टाकून द्या.

वेगाचा हिशेब तर बहुतेकजण करतच नाहीत. कॅमेऱ्यांमध्ये 6 सेंमी अंतर आणि फोकल लांबी (भिंगापासून सेन्सरपर्यंतचं अंतर, पिक्सेलमध्ये मोजलेलं) 400 पिक्सेल धरा. जुळणीतली अर्ध्या पिक्सेलची चूक अंतरात 2 मीटरवर 8 सेंमीची होते, पण 8 मीटरवर तीच सव्वा मीटरच्या वर जाते, कारण चूक अंतराच्या वर्गाने वाढते. आता सेकंदाला 8 मीटर वेग, 4 मीटर प्रति सेकंद वर्ग ब्रेक आणि 0.2 सेकंदाचा उशीर धरला तर थांबायला 9.6 मीटर लागतात. वेग निम्मा केला की 2.8 मीटर पुरतात. बाजारातल्या अनेक ड्रोनमध्ये स्पोर्ट मोड लावला की अडथळे टाळणं बंदच होतं, हेही विसरू नका.

एकाच कॅमेऱ्यावर ऑप्टिकल फ्लो (एकामागून एक येणाऱ्या चित्रांत बिंदू किती सरकले ते मोजणं) चालवणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. ड्रोन वळतो तेव्हा चित्र सरकतं, पण त्या सरकण्यात अंतराची काहीच माहिती नसते. जायरोच्या (वळण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या) मदतीने ते वजा करावं लागतं, आणि जायरो-कॅमेऱ्याच्या वेळा जुळल्या नाहीत तर वजाबाकीच चुकते. शिवाय नेमक्या नाकासमोरच्या वस्तूचा फ्लो जवळजवळ शून्य असतो, म्हणजे ज्याला धडकायचं तेच सर्वांत उशिरा कळतं. तिथे वस्तूचा आकार किती भराभर फुगतोय ते मोजा.

समुद्रावर खालचा कॅमेरा लाटांनाच जमीन समजतो आणि ड्रोन लाटांबरोबर वाहत जातो. पाण्यावर त्याच्या भरवशावर खाली उतरू नका. आपला किनारा पश्चिमेकडे, त्यामुळे संध्याकाळी समुद्राकडे तोंड केलं की सूर्य थेट कॅमेऱ्यात येतो.

खाऱ्या वाऱ्याने काचेवर थर बसतो. तो दोनपैकी एकाच काचेवर असला तरी जुळणी बिघडते. कोरड्या फडक्याने घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. गोड्या पाण्यात किंचित भिजवलेल्या मऊ कापडाने टिपा आणि मग कोरडं करा.